‘येतो’ म्हणेल त्याला कडी

आमच्या ह्यांना सगळे कडीकाका म्हणतात. खरं नाव कारखान्याच्या रजिस्टरात आहे आणि मी ते घेत नाही. ज्याला फारच हौस असेल त्याने पानं उलटून बघावं. उघडी कडी दिसली की ह्यांचा हात गेलाच म्हणून समजा. लग्नाला चार दिवस झाले नव्हते आणि ह्यांनी मला न्हाणीघरात कोंडलं. मुद्दाम नाही हो! जाता जाता कडी उघडी दिसली, घातली, निघाले. मी आतून दार बडवायला लागले तर बाहेरून आवाज, "कोण आहे?" घरात माणसं दोन, त्यातलं एक दाराबाहेर उभं. "कोण असणार!" मी ओरडले. तर म्हणतात, "नाव सांगा." तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस फाटकावरच शोभणार.

आणि फाटकावरच लागले. जळलेल्या मोटारी दुरुस्त करून देणारा कारखाना, चाळीस माणसं, एक पटांगण, एक फाटक. पुढे माझीही तिथेच सोय झाली, वाइंडिंगला. मोटारीच्या आतली तांब्याची तार जळाली की ती काढून नवी गुंडाळायची, वेढे मोजत. एकशे ऐंशी म्हणजे एकशे ऐंशी. एक जरी कमी पडला तर मोटार रुसते आणि फोरमन बोंबलतो. म्हणून मोजताना मी मान वर करत नाही. शेजारी आग लागली तरी आधी आकडा पुरा करीन, मग पळेन. ह्या गोष्टीचा मला फार तोरा होता. पुढे तो चांगलाच अंगाशी आला, ते सांगतेच.

बावीस वर्षं फाटकाकडे कुणी वाकड्या नजरेनं बघितलं नाही. मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, आठ रिळं तांबं गेलं. भिंत फोडून नाही की कुलूप तोडून नाही. राजरोस फाटकातून, हातगाडीवर, वर रिकामी खोकी रचून. दोघं होते म्हणे, गोड बोलणारे. फाटकाच्या रुळात गाडीचं चाक अडकलं. आता आमचे हे म्हणजे, कुणाचं काही अडलं की ह्यांचा जीव वरखाली! जेवणाचा डबा बाजूला ठेवला, हात पुसले आणि मागून गाडी ढकलून दिली. त्यातला एक वळून म्हणाला, "बरंय काका, येतो." आणि हे म्हणाले, "या या, सावकाश जा, पुढे खड्डा आहे."

खड्डासुद्धा दाखवला!

संध्याकाळी घरी येताना ह्यांनीच मला सांगितलं. "ढकलली गं मी गाडी. माझ्या हातांनी." मी आधी हसले, खोटं कशाला बोलू? हसू आवरेना. मग ह्यांच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि गप्प झाले. त्या दिवसापासून ह्यांच्या ताटात अर्धं तसंच राहायला लागलं.

मालक तसे भले. ओरडले, बसले, पाणी प्यायले, संपलं. पण मालकांना एक मेहुणे आहेत. तुरुंगावर मोठे अधिकारी होते. निवृत्त झाले तरी चालताना उजवा हात असा हलवतात, की बोटात किल्ल्यांचा जुडगा आहे असं वाटावं. आम्ही त्यांना जेलर म्हणायचो, अर्थात पाठीमागे. ते मालकांच्या केबिनमध्ये बसले आणि बाहेर चाळीस जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चोराची गाडी रखवालदार ढकलतो, याचा अर्थ तुम्हाला कळत नाही? साटंलोटं आहे. घालवा त्याला. माझ्या ओळखीची एजन्सी आहे, गणवेशातली चार माणसं आणून उभी करतो."

साटंलोटं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अर्धी कॉइल हातात तशीच घेऊन मी केबिनमध्ये घुसले आणि म्हणाले, "चार उभे करून काय दिवे लागणार आहेत? एक बसलेला बावीस वर्षं पुरला की!" फोरमनने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

हे मात्र दारात उभे होते. ऐकलं सगळं. चौपन्न वर्षांचं वय. चोरांना सामील म्हणून काढलेल्या रखवालदाराला दुसरीकडे कोण उभं करणार? आणि काम एक वेळ मिळेलही, पण गल्लीतून मान वर करून कसं चालायचं? हे आत गेले आणि शांतपणे म्हणाले, "मालक, मला एक महिना द्या. जागा कशी राखायची ते मांडून दाखवतो. मग साहेबांनी माणूस पाठवावा, कुणीही, केव्हाही. त्याने आत शिरून एक रीळ फाटकाबाहेर नेलं, तर मी किल्ल्या ठेवतो आणि साहेब म्हणतात ते खरं, असं लिहूनही देतो."

लिहून देतो! मी बाहेर कपाळावर हात मारला. जेलरना काय, आनंदाचं भरतं आलं. "ठरलं," म्हणाले, "माणूस मी पाठवीन."

घरी आल्यावर हे जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून बसले. पट्टीने भिंत काढली. मग ती खोडून जास्त उंच काढली. मग त्यावर काचा काढल्या, एकेक तुकडा वेगळा. मी अर्धा तास बघितलं आणि म्हटलं, "चोर भिंतीवरून गेले होते का?"

"नाही."

"मग भिंतीला कशाला शिक्षा?"

खडूची रेघ ओढावी तसे ओठ ताणून बसले. शेवटी मलाच दया आली. आमच्या कामातलंच सांगितलं. आम्ही तार गुंडाळतो ती थराथराने. एक थर झाला की त्यावर कागद घालायचा, मग पुढचा थर. कारण एक थर जळला तरी झळ पुढच्याला लागू नये. "आणि तुमच्या कारखान्यात," मी म्हटलं, "फाटकापासून तांब्यापर्यंत सगळा एकच थर आहे. तुम्ही सोडलं म्हणून दारावरचा सोडतो. दारातून आला म्हणून फोरमन काही बोलत नाही. फोरमनसमोरून आला म्हणून स्टोअरवाला रीळ काढून देतो. प्रत्येकाला वाटतं, मागच्याने विचारलंच असेल. विचारलं कुणी? कुणीच नाही."

हे पट्टी खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे मधे कागद हवा."

"हो."

"कसला?"

"ते तुम्ही बघा. माझं तेल तापलंय."

रविवारी कारखाना बंद असतो. हे सकाळीच जुना शर्ट घालून तयार. "चल," म्हणाले, "चोरी करायला." स्वतःच्याच कारखान्यात! मी चपला सांभाळायला सोबत गेले. मागच्या गल्लीत कुणाच्या तरी विटांचा ढीग होता, त्यावर चढले. भिंतीच्या आतल्या बाजूला रिकामी पिंपं होती, एक उंच, एक मध्यम, एक बुटकं, अगदी जिन्यासारखी. ती कुणी लावली होती? ह्यांनीच, नीटनेटकी दिसावीत म्हणून. हे भिंतीवर पोहोचले आणि तिथे विजार खिळ्यात अडकली. एक पाय गल्लीत, एक पाय कारखान्यात. समोरच्या दुकानातून शिंप्याने मान वर केली. "काय कडीकाका, किल्ली विसरलात?"

"नाही, चोरी करतोय."

"बरं बरं, चालू द्या," शिंपी म्हणाला आणि त्याचं मशीन पुन्हा सुरू झालं.

मी चपला तोंडावर धरून हसत होते. हे मात्र भिंतीवर बसल्या बसल्या गंभीर झाले. "बघितलंस? मी खरं सांगितलं तरी त्याने विचारलं नाही. ओळखीचा आहे ना मी." विजार तिथेच थोडी फाटली, पण ह्यांना पाहिजे तो कागद तिथे सापडला.

आत तर गंमतच. मागच्या दाराला चांगलं जाडजूड कुलूप. शेजारी खिळा, खिळ्याला किल्ली, आणि वर रंगाने सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: ‘मागच्या दाराची किल्ली’. मी म्हटलं, "अक्षर काय सुरेख आहे!" अक्षर ह्यांचंच होतं.

मग तीन आठवडे नुसती धावपळ. पिंपं हलली. मालकांनी सांगून गल्लीतल्या विटा हलवल्या. भिंतीच्या कडेने आतून हातभर रुंद खडी पसरली, म्हणजे मांजर चाललं तरी करकरेल. सुतळीने बांधलेल्या खिडकीला खरीखुरी खिटी आली. भंगाराचा ढीग पटांगणाच्या मधून उचलून कोपऱ्यात नेला, म्हणजे फाटकावरच्या खुर्चीतून कारखान्याचं दार थेट दिसावं. मागच्या दाराची किल्ली मालकांच्या खणात गेली आणि ते सुरेख अक्षर मीच खरवडून काढलं. जेलर एकदा येऊन खडीवर बूट घासून बघून गेले. "आता कोंबड्यापण पाळा," म्हणाले. हे म्हणाले, "विचार केला होता साहेब, पण त्या ओळखीच्या माणसाला ओरडत नाहीत."

माणसांसाठी दोन नियम. पहिला, प्रत्येकाने आपल्यापुरतं स्वतः विचारायचं. मागच्याने सोडलं हे कारण चालणार नाही. दुसरा, बाहेरून येणाऱ्याला फाटकावर लाल चिठ्ठी. तो ज्याच्याकडे आला असेल त्याने त्यावर सही करायची आणि जाताना चिठ्ठी फाटकावर परत द्यायची. किती आत आले, किती बाहेर गेले, हे रजिस्टरात. इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या.

तिसरा नियम ह्यांनी जेवताना मला आधी सांगितला. "आपली माणसं घरी जाताना मला ‘जातो’ म्हणतील."

माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. "अहो, असं कुणी म्हणतं का? भरल्या घरात काय बोलता!"

"तेच तर," हे म्हणाले. डोळे असे लकाकत होते की मला भीतीच वाटली. "कुणीच म्हणत नाही. त्या हातगाडीवाल्यानेसुद्धा नाही म्हटलं. आठ रिळं घेऊन पळाला, तरी पळताना मला ‘येतो’ म्हणाला. चोर असला म्हणून काय झालं, घरचं वळण आहे! बाहेरचा माणूस कितीही हुशार असो, निरोप घेताना त्याच्या तोंडून ‘येतो’च निघणार. मी नुसतं कान देऊन बसायचं. ‘येतो’ म्हणेल त्याच्याकडे सही केलेली लाल चिठ्ठी पाहिजे. नसली तर कडी."

दुसऱ्या दिवसापासून साडेपाचच्या घंटेला फाटकावर नुसता तमाशा. चाळीस माणसं, आणि एकाची जीभ वळेल तर शपथ. फोरमन घसा खाकरून "जा… जा…" करत राहिला, मागच्याला वाटलं त्यालाच हाकलतोय. स्टोअरवाला "जातो" म्हणाला आणि चार पावलांवरून परत येऊन "तसं नाही हं काका" असं सांगून गेला. माझ्या शेजारच्या टेबलावरची म्हातारी वाइंडर तर म्हणाली, "मला कोंडून ठेव, पण असलं अभद्र मी बोलणार नाही." शेवटी तोड निघाली. फाटकाच्या आत ‘जातो’ म्हणायचं, आणि बाहेर रस्त्यावर पाय पडला की वळून मोठ्याने ‘येतो!’ ओरडायचं. हे म्हणाले, "फाटकाबाहेर काय वाटेल ते बोला, ती माझी हद्द नाही." त्यामुळे संध्याकाळी आमच्या रस्त्यावर चाळीस माणसं फाटकाकडे तोंड करून ‘येतो, येतो’ ओरडताना दिसायची. शिंप्याने काम थांबवून बघायला सुरुवात केली.

आणि मी? मी तीन दिवस ‘येते’च म्हटलं. नवऱ्याला कोण ‘जाते’ म्हणेल? चौथ्या दिवशी ह्यांनी माझ्या तोंडावर कडी घातली.

"अहो, मी आहे!"

"लाल चिठ्ठी?"

"डोंबल तुमची चिठ्ठी! घरी कणीक कोण मळणार आहे?"

"नियम तुलाच नाही, तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू?" आवाज खाली आणून म्हणाले, "माझं काय पणाला लागलंय, तुला माहीत आहे."

माहीत होतं. तरी मी पाव तास उभी राहिले. मग अशा काही रागात "जाते!" म्हटलं, की ते खरंच वाटून ह्यांचा चेहरा पडला. रस्त्यावर गेल्यावर मी वळले आणि हळू आवाजात "येते" म्हटलं. ऐकू गेलं असावं, कारण फाटकाच्या गजांतून हात हलताना दिसला.

महिना संपायला चार दिवस होते. बुधवारी सकाळी वॉर्निशच्या डब्यांचा ट्रक आला. आम्हाला काय माहीत? आम्ही कामात. अकराच्या सुमाराला माझ्या टेबलाशी कुणीतरी आलं. "ताई, चिठ्ठी घेतो हं एक." स्टोअरमधून रीळ आणायच्या चिठ्ठ्यांचं पॅड माझ्या टेबलावरच असतं. मी एकशे बारावर होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून निळा एप्रन दिसला, निळा एप्रन म्हणजे आपला माणूस. मान हलवली. एकशे तेरा, एकशे चौदा.

घ्या! प्रत्येकाने स्वतः विचारायचं हे ज्या बाईने शिकवलं, तिनेच विचारलं नाही.

स्टोअरवाल्याने मात्र विचारलं होतं. "कुणासाठी?" त्यावर तो म्हणाला, "ताईंसाठी. त्या मोजताहेत, उठता येत नाही." आता हे इतकं खरं होतं, की पुढे काय विचारणार? दिलं रीळ. लहान होतं, अडीच किलोचं, पण तांबंच की!

साडेपाचला घंटा झाली. रांग लागली. मी सात-आठ जणांच्या मागे होते. केबिनच्या खिडकीत जेलर हातावरच्या घड्याळाकडे बघत बसलेले दिसले आणि मी ओळखलं, आज काहीतरी आहे. पुढून आवाज येत होते, रोजचेच, रडके, तोंडातल्या तोंडात; बाहेर पडल्यावरचं ‘येतो!’ तेवढं मोठ्याने. "जातो." "जाते." "जातो, काका." "जातो, देवा क्षमा कर." फाटकातली माणसापुरती छोटी झडप उघडत होती, मिटत होती.

मग एक आवाज आला, प्रसन्न, खणखणीत. "येतो हं काका! दमलो बुवा आज."

आणि आमचे हे म्हणाले, "या, या."

संपलं, असं मला वाटलं. जन्माची सवय! ह्यांना लिहून द्यावा लागणारा कागद डोळ्यांपुढे आला, ते सुरेख अक्षर. तेवढ्यात खट्ट झालं. तोंड ‘या’ म्हणत होतं आणि हात कडी घालत होता.

"लाल चिठ्ठी?"

"अहो काका, मी कामगार. नवीन आहे." तिशीतला गडी, निळा एप्रन, पोट जरा पुढे.

"नवीन आहेस, मग नीट म्हण. घरी जाताना काय म्हणायचं?"

तो गोंधळला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला मान हवाय. "येतो, काका."

"अं हं."

"येतो बरं का. नमस्कार करतो."

"अं हं."

"येतो, आशीर्वाद असू द्या!" आणि बिचारा वाकला. वाकल्यावर एप्रनखालून रीळ सुटलं, धपकन फरशीवर पडलं आणि तार सोडत सोडत रांगेतून घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबलं. हसून हसून माणसं भिंतीला टेकली. म्हातारी वाइंडर तर खाली बसली.

जेलर पळत आले. मालक मागून. ह्यांनी रजिस्टर उघडून पुढे केलं. सकाळची नोंद: ट्रकबरोबर आत तीन, बाहेर दोन. वेळ दहा वाजून चाळीस मिनिटं.

मालक म्हणाले, "म्हणजे सकाळपासून माहीत होतं? मग शोधला का नाही?"

"एक शिल्लक आहे एवढंच माहीत होतं. कुठे दडलाय, ते कळायला चाळीस जणांना काम सोडून रांगेत उभं करावं लागलं असतं. म्हटलं, कशाला कामाचा खोळंबा? संध्याकाळी स्वतःच सांगेल."

मी मनात म्हटलं, हात जोडले बाई या माणसापुढे. आणि दिवसभर मला एका शब्दाने सांगितलं नाही! डबा खाताना समोर बसून भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, बस्स.

जेलर लालबुंद झाले होते. मालकांना म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. मी येतो." आणि ताडताड झडपेकडे निघाले.

खट्ट.

"लाल चिठ्ठी, साहेब?"

साहेबांनी कधी घेतली होती चिठ्ठी? घरचेच ना ते! आयुष्यभर दुसऱ्यांना आत ठेवलेल्या माणसाला पहिल्यांदाच गजांच्या आतून रस्ता बघायची वेळ आली. त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालक रजिस्टरात डोकं घालून उभे होते. शेवटी दात आवळून म्हणाले, "जातो!" ह्यांनी लगेच कडी काढली आणि झडप पूर्ण उघडून अदबीने म्हणाले, "या."

दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांना पटांगणात बोलावलं आणि मोठ्याने सांगितलं, की कडीकाकांवर जे बोललं गेलं ते चूक होतं आणि ते पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही. हे मान खाली घालून खडीतला एक दगड पायाने सरळ करत होते. घरी आल्यावर महिन्यात पहिल्यांदा ताट पुसून जेवले. मी चिठ्ठीचं पॅड देऊन बसले होते हे मात्र मला रोज ऐकवलं. "एकशे बारा," एवढंच म्हणायचे, की माझा आवाज बंद.

मग चार वर्षं खडी करकरली नाही. ह्यांची निवृत्ती आली. तोपर्यंत माझे डोळे बारीक तारेला दगा द्यायला लागले होते, वेढे मोजायचे कसले, दिसतच नव्हते. मालक म्हणाले, "ताई, फाटक तुम्ही घ्या. थरांचं तुम्हालाच कळतं." म्हणजे ह्यांची खुर्ची मला. ह्यांनी महिनाभर शिकवलं, म्हणजे महिनाभर भांडलो.

शेवटच्या दिवशी साडेपाचला सगळे बाहेर न जाता फाटकाच्या दोन्ही बाजूंना थांबले. हे हातात डबा घेऊन आले. सकाळी मीच इस्त्री केलेला शर्ट. खुर्चीवर मी, पुढ्यात रजिस्टर. ह्यांनी फाटकाकडे बघितलं, रुळाकडे बघितलं, जिथे ती हातगाडी अडकली होती. काय म्हणायचं ते ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"येतो," म्हणाले.

मला काय झालं कळलं नाही. हात आपोआप गेला आणि कडी पडली. एरवी माणसं हसली असती. कुणी हसलं नाही.

"बरोबर आहे," हे हळूच म्हणाले. "बाहेरचाच ना आता मी."

मला भडभडून आलं. सव्वीस वर्षं ज्या माणसाने ही कडी राखली, त्याला ती माझ्या हाताने लागली होती. रडले असते, पण खुर्चीवर बसून रडायचं नाही हेही ह्यांनीच शिकवलं होतं. मी लाल चिठ्ठ्यांचं पुडकं ओढलं, एक फाडली आणि दरडावून विचारलं, "बाहेरचे असाल तर नियमाप्रमाणे होईल. कुणाकडे आला होतात?"

ह्यांचे डोळे लकाकले, तिसरा नियम सांगताना लकाकले होते तसे.

"तुझ्याकडे."

काय गिल्ला झाला म्हणून सांगू! म्हातारी वाइंडर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली. माझे कान तापले. मी सही केली, चिठ्ठी दिली आणि कडी काढली.

ती चिठ्ठी जाताना फाटकावर परत द्यायची असते. ह्यांनी दिली नाही, शर्टाच्या खिशात घातली आणि बाहेर पडले. तेव्हापासून माझ्या रजिस्टरात एक लाल चिठ्ठी कमी आहे. मालक दर महिन्याला रजिस्टर तपासतात, त्या ओळीवर बोट थांबतं, आणि ते पान उलटतात.